आबांच्या जीपचं चेंबर

पट्टणकोडोलीच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेसमोर आमची जीप रस्त्यावर आडवी झाली, तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नाव नाही, शिवी निघाली. शेजारी स्टिअरिंग धरून माझे वडील बसले होते आणि ती शिवी त्यांनाच होती.

आम्ही हुपरीला चाललो होतो, आत्याच्या नातवाच्या बारशाला. आबा चालवत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला, आणि आई मागच्या बाकावर बाळाच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. हाच रस्ता आबांनी उभी हयात तुडवलेला. कोल्हापूर ते हुपरी वडाप करायचे ते. माणसं भरली की गाडी सोडायची, भरली नाहीत तर भरेपर्यंत ओरडत राहायचं. पैंजणांची गाठोडी पोटाशी धरून बसलेले चांदीचे कारागीर, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना ह्या जीपनं वाहिलेलं. जीप माझ्याहून वयानं मोठी. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन तडकलं तसं वडाप बंद झालं, आणि ती शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली उभी राहिली. पोरं तिच्या बॉनेटवर बसून फुटबॉलच्या मॅचवरून भांडायची. तेवढाच तिचा उपयोग.

मग हे जुन्या जीपांचं खूळ आलं. ज्या गाड्यांना भंगारवालासुद्धा विचारत नव्हता, त्या रंगवून, चकाचक करून लोक रविवारी मिरवायला काढू लागले. आबांनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. गॅरेजवाले चाचा त्यांचे वडापच्या दिवसांपासूनचे दोस्त. चाचांनी कुठूनतरी एक डिझेल इंजिन मिळवलं, दुसऱ्याच जातीच्या नव्या जीपचं, आणि महिन्याभरात गाडी उभी केली. आबा तेव्हापासून एखाद्या नवरदेवासारखे वागत होते. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी एका गावाच्या वेशीवर रंग न मारलेला स्पीडब्रेकर आला. मला दिसला. आबांनी वेग कमीच केला नाही. जीप उडाली, आपटली आणि खालून ठण्ण असा आवाज आला, भांड्यावर हातोडा बसावा तसा.

"काय झालं ओ?" आई मागून ओरडली.

"काय न्हाय. जुनी गाडी हाय, बोलतीया."

थोडं पुढं गेल्यावर माझं लक्ष समोरच्या, इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं गेलं. तो खाली पडलेला होता.

"आबा, तेलाचा काटा खाली आलाय."

"काटा खोटा हाय."

"मघाशी वर होता की. आबा, थांबवा गाडी."

"हुपरी आली आता. थांबवा काय, थांबवा!"

मी पुन्हा सांगितलं. आबा उलट जोरात दामटू लागले, माझ्या बोलण्याचा राग गाडीवर काढावा तसे. आधी जळका वास आला. मग इंजिनातून खडखड सुरू झाली. मग एकदम सगळं गच्च झालं. इंजिन जागच्या जागी धरलं गेलं, मागची चाकं फिरायची थांबली आणि जीप रस्त्यावर घसरत आडवी झाली. समोरून ट्रॅक्टर येत होता, मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. त्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेकवर उभं राहून गाडी कशी थांबवली ते त्यालाच ठाऊक. माझ्या दारापासून हातभर अंतरावर त्याचं पुढचं चाक थांबलं.

तो खाली उतरला. आबांच्या खिडकीशी येऊन तो म्हणाला, "पावणं, दिसतंय का न्हाय तुमास्नी?"

आबांना असं कुणी बोललं तर त्याची धडगत नसायची. त्या दिवशी ते गप्प बसले. ते गप्प का बसले हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी मागं वळून बघत होते. आई बाकावरून खाली पडली होती आणि तिचा उजवा हात तिच्या अंगाखाली भलत्याच कोनात वाकला होता.

मनगट मोडलं होतं. राजारामपुरीत दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. आई सगळा वेळ एकच वाक्य म्हणत होती, "त्येंच्यावर ओरडू नको." बारसं राहिलं. बाळाचं नाव आम्हाला फोनवर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही. राजारामपुरीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश. कुलूप तसंच ठेवून सरळ चाचांच्या गॅरेजात गेले. जीप दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून तिथं आणून टाकली होती. चाचा तिच्याखालून चेंबर खोलून बाहेर काढत होते. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारी पत्र्याची खोल परात असते, तिला गॅरेजात चेंबर म्हणतात. त्या परातीच्या पुढच्या बाजूला मुठीएवढा पोचा पडला होता आणि पोच्याच्या मधोमध तडा गेला होता. तेल सगळं तिथूनच रस्त्यावर गेलं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. तोंड माझं शिवाजी पेठेतलं आहे. शेजारच्या टायरवाल्यानं हातातलं काम थांबवलं. गिऱ्हाइकं उठून दारात आली. माझ्या आईचा हात मोडला, आम्ही तिघंही ट्रॅक्टरखाली गेलो असतो, असलं इंजिन बसवायची अक्कल नव्हती तर बसवलं कशाला, आणि वडापच्या काळापासून आबा तुम्हाला भाऊ मानतात ते ह्यासाठी का, असं सगळं.

चाचा ऐकत राहिले. वयानं आबांच्या बरोबरीचे. हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं नाही की माझ्याकडं बघितलं नाही. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, "झालं बोलून? इकडं ये. खाली बस."

मी बसले. त्यांनी टॉर्च मारून दाखवलं. जीपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारी जाड दांडी म्हणजे एक्सल. जुनं पेट्रोल इंजिन त्याच्या वर अगदी मोकळं बसायचं. ह्या नव्या इंजिनाचं चेंबर पुढच्या अंगाला जास्त खोल. गाडी उभी असताना दोघांच्यात बोटभर फट दिसायची. पण खड्ड्यात चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले की एक्सल वर यायचा आणि थेट चेंबरच्या पोटात गुद्दा मारायचा.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"इंजिन ठेवलं त्याच दिवशी."

"मग?"

"मग काय? तुझ्या आबाला सांगिटलं. म्हटलं, दोस्ता, इंजिन परत उतरवू, चेंबर कापून वर घेऊ, मगच गाडी रस्त्यावर काढू. न्हाय म्हणाला."

"आणि तुम्ही गप्प बसला."

"त्यानं शपथ घातली. पोरीला सांगायचं न्हाय म्हणाला. म्हणाला, हळू चालवतो, चालतंय की."

चालतंय की! ह्या गावानं ह्या दोन शब्दांवर किती संसार, किती पूल, किती गाड्या उभ्या केल्यात आणि किती माणसं आडवी केलीत. गिऱ्हाईक ब्लाऊज घालून बघतं, काखेत काचतो, तरी म्हणतं चालतंय की. मी उसवून पुन्हा शिवते. काचणारा ब्लाऊज फक्त काचतो, तरी मला ते चालत नाही. इथं माणसं मरत होती. मी चाचांना म्हटलं, "तुमची शपथ आणि तुमची दोस्ती घाला चुलीत," आणि तशीच माझ्या दुचाकीला किक मारून शिवाजी पेठेत माहेरी गेले.

आबा बाहेरच्या सोप्यात बसले होते, दाराकडं तोंड करून. आई आत कॉटवर आडवी होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"चेंबर घासतंय ते. चाचांनी सांगितलं होतं."

आबा म्हणाले, "व्हय. सांगिटलं हुतं."

मला वाटलं होतं ते नाकारतील. नाकारलं असतं तर मला भांडायला जागा मिळाली असती. त्या सरळ 'व्हय'नं मी आणखीच पेटले.

"आणि आईला मागं बसवून घेऊन गेला!"

"इंजिन परत उतरवायचं म्हंजी दोन म्हैनं गेलं असतं. तेवढा येळ न्हवता."

"कसला वेळ नव्हता? रिकामे तर बसलाय दिवसभर. कुठं नोकरीवर जायचंय तुम्हाला?"

"तू मला इचारणारी कोण?" आबा उठले. "गाडी माझी. हात माझं, पाय माझं. तुझ्या बापाला गाडी शिकवालीस व्हय?"

"गाडी तुमची, पण मनगट आईचं होतं!"

आबांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला. शेजारची बाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. मग आतून आईचा आवाज आला, अगदी बारीक, "सांगा की तिला डोळ्याचं. किती दिवस झाकणार?"

आबा मटकन खाली बसले.

त्यांना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. वर्षभर अंगावर काढल्यावर डॉक्टरांकडं गेले होते, तेही आईनं मागं लागून नेलं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. आबांना समोरचं दिसत होतं, पण नळीतून बघावं तसं. कडेचं सगळं गेलं होतं. स्पीडब्रेकर दिसला नव्हता. काटा दिसला नव्हता. तो खोटा आहे असं म्हणणाऱ्या माणसाला तो काटा मुळात दिसतच नव्हता.

मी आईकडं वळले. "तुला ठाऊक होतं. आणि तू त्या गाडीत बसलीस. मलाही बसवलंस."

"गाडीत बसला की ह्यो माणूस बरा असतोय," आई म्हणाली. "घरात नुसता भिंतीकडं बघत बसतोय. मला बघवत न्हाय."

मला तिची कणव यायला हवी होती. आली नाही. प्लॅस्टरमधला तो हात बघून उलट डोकं फिरलं. दोघांनी मिळून माझ्या पाठीमागं एक कट केला होता, आणि त्यात चाचाही होते, आणि मी तेवढी मूर्ख, पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडं बघत आनंदात चाललेली. मी म्हटलं, "विका ती जीप भंगारात. उद्याच्या उद्या. नाहीतर मी ह्या घरात पाय ठेवणार नाही."

आबा म्हणाले, "नको ठेवू."

मी पाय ठेवला नाही. डबा पाठवत होते, कारण आईला स्वयंपाक होत नव्हता, पण दुसऱ्या कुणाच्या हाती. दुकानात बसून मी गणवेशांच्या चड्ड्या शिवत होते आणि मनातल्या मनात आबांशी भांडत होते. सुई दोनदा बोटात घुसली. नवरा म्हणाला, "म्हातारी माणसं, जाऊ दे." त्याच्याशीही भांडले. 'जाऊ दे' हा 'चालतंय की'चाच सख्खा भाऊ.

मग एके दिवशी दुपारी चाचांचा फोन आला.

"तुझा आबा सकाळपासनं जीपखाली झोपलाय. जेवायला उठंना. मला शिव्या द्यालाय. तू ये बघ."

"मला काय सांगता? दोस्त तुमचा आहे."

"व्हय गं. पण बाप तुझा हाय."

मी गेले. गॅरेजात चाचा स्टुलावर बसून विडी ओढत होते आणि त्यांनी नुसती मान हलवून दाखवलं. जीपखालून आबांचे दोन पाय बाहेर आले होते, पोत्यावर, टाचांना भेगा पडलेले. इंजिन उतरवून बाजूला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. म्हणजे जे काम इंजिन बसवतानाच करायचं होतं ते आता सुरू होतं. आधीच पेटलेल्या मला एवढं पुरलं.

"आता सुचलं का?" मी त्या पायांना म्हटलं.

पाय हलले नाहीत.

"आता कशाला कापताय? कोण चालवणार आहे?"

"गाडी नीट झाली पायजे," जीपखालून आवाज आला. "कोण चालवायची ते मागनं बघू."

"हे आधी का नाही कळलं? आईचा हात मोडायच्या आधी?"

लोखंडावर बोटं फिरल्यासारखा खसखस आवाज तेवढा येत होता. मी वाकून बघितलं. आबा डोळे मिटून एक्सलवर हात फिरवत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"भ्यालो," आबा म्हणाले.

"काय?"

"भ्यालो हुतो. गाडी खोलून ठेवायची आन् ती जोडेपत्तूर दिसायचंच बंद झालं तर? मग काय करू? एकदा हुपरीपत्तूर जायचं हुतं. माझ्या हातानं. एकदाच."

माझ्या वडिलांच्या तोंडून 'भ्यालो' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला तो ऐकायचाही नव्हता. मला त्यांना बोल लावायचा होता, मनसोक्त, आणि त्यांनी मध्येच हे असं काहीतरी काढलं. मी जीपच्या मडगार्डवर थाप मारली. हात झिणझिणला.

"बाहेर या," मी म्हटलं. "जेवा आधी. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोललात तर ह्या गॅरेजात येऊन मी तमाशा करीन."

"मागच्या बारी काय केलीस मग?" चाचा स्टुलावरून म्हणाले.

मी हसले नाही. पण घरी न जाता तिथंच थांबले एवढं खरं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आईकडंही जाऊ लागले.

चेंबर कापायचं म्हणजे नुसता पुढचा भाग उडवून चपटा पत्रा लावायचा नाही. तेवढं केलं तर तेल कमी मावणार आणि इंजिन उपाशी राहणार. पुढून जेवढं घ्यायचं तेवढं मागं कुठंतरी द्यायला हवं. शिवाय चेंबरच्या तळाशी तेल ओढणारी जाळीची नळी असते, ती पुढं होती. तीही कापून मागं वळवायला हवी. चाचा हे सगळं हातानं हवेत दाखवत होते. मग त्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक फर्मा केला आणि चेंबरला लावून बघितला. एका कोपऱ्यात वर उचलला जात होता. दुसरा कापला, तोही तसाच. तिसरा कापायला घेतला तेव्हा मी त्यांच्या हातातली कात्री ओढून घेतली.

"तिथं नुसती पट्टी बसणार नाही. कळी घालावी लागेल," मी म्हटलं. "झब्ब्याला घालतो तशी. तिकोनी."

"घाल की मग," चाचा म्हणाले. "म्हनून तर बोलावलं तुला."

बोलावलं होतं दुसऱ्याच कारणासाठी, पण त्यावर वाद घालायला माझ्याकडं वेळ नव्हता. मी जमिनीवर बसून पुठ्ठा कापला, मागच्या बाजूला तिकोनी कळी काढली, कडेनं, शिलाईला सोडतात तशी, वेल्डिंगपुरती माया सोडली. आबा शेजारी बसून पुठ्ठ्याच्या कडांवर बोटं फिरवत होते आणि मध्येच म्हणायचे, "हितं अजून दाब." सांगितलेलं बरोबर असायचं, त्याचाही मला राग यायचा.

जुनं चेंबर कॉस्टिकच्या पाण्यात उकळून तेलाचा अंश काढला. उष्णतेनं कडा वाकू नये म्हणून ते जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळून बसवलं आणि मग चाचांनी गॅसनं जोडकाम केलं. गार झाल्यावर बाहेरून सगळ्या जोडांवर खडू फासला आणि आत रॉकेल ओतून ठेवलं. कुठं सूत जरी फट असली तरी खडूवर ओला डाग उमटतो. एका कोपऱ्यात उमटला. माझ्याच कळीच्या टोकाला. तो जोड पुन्हा केला. पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल. ह्या वेळी खडू कोरडा राहिला.

इंजिन आधीच जाम झालेलं, त्याचं आतलं काम दुसरीकडं करून आणलं. ते परत बसवायच्या दिवशी आबा एक डबा घेऊन आले. उघडला तर आत कणकेचा गोळा. आईचा हात अजून प्लॅस्टरमध्ये, म्हणजे कणीक आबांनीच मळली होती. इतकी घट्ट की चपाती लाटता आली नसती.

"हे कशाला?"

"कळंल."

त्यांनी कणकेचे जाड लाडू करून एक्सलवर ओळीनं चिकटवले आणि वर तेलाचं बोट फिरवलं. मग साखळीनं इंजिन खाली सोडून जागेवर आवळलं. खड्ड्यात गाडी जेवढी दबते तेवढी दाबायची होती, म्हणून टायरवाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकांना बोलावून पुढच्या बंपरवर उभं केलं, नाचायला लावलं. पाटे करकरले. मग सगळे उतरले आणि आबा खाली जाऊन एक एक लाडू काढून माझ्या तळहातावर ठेवू लागले. जिथं लाडू जाड राहिला तिथं जागा मोकळी. पहिले सगळे अंगठ्याएवढे जाड होते. शेवटचा, डावीकडच्या कोपऱ्यातला, पापडासारखा झाला होता.

चाचांनी तो उजेडात धरून बघितला. "एवढी माणसं नाचली तवा एवढं आलंय. रस्त्यावर एवढं कवा दबतंय? चालतंय की."

मी तो पापड त्यांच्या पायाशी आपटला.

"चालत नाही! पुन्हा हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. आईला आंघोळ मी घालतीय, वेणी मी घालतीय. तुमच्या चालतंयला नाही घालता येत वेणी. उतरवा इंजिन."

"अगं, सबंद दिवसाचं काम हाय..."

"उतरवा!"

चाचांनी आबांकडं बघितलं. दोस्तानं दोस्ताकडं बघावं तसं, की बघ तुझी पोरगी काय बोलालीय. इंजिन बसवलं तेव्हा ह्याच दोघांनी ह्याच जागेवर उभं राहून माझ्यापासून लपवायचं ठरवलं असणार. आबा जीपखालून सरकत बाहेर आले, टायरला टेकून बसले आणि शर्टानं तोंड पुसलं.

"उतरव," ते म्हणाले. "कापू परत."

चाचा पुटपुटत साखळीकडं गेले. मी आबांकडं बघितलं नाही. त्या क्षणी बघितलं असतं तर राग गेला असता, आणि तो जायला नको होता, काम व्हायचं होतं.

तो कोपरा पुन्हा कापला, पुन्हा जोडला, पुन्हा खडू लावला. दुसऱ्या खेपेला कणकेचे सगळे लाडू जाड निघाले. तेल भरून डिपस्टिकवरची जुनी खूण घासून टाकली आणि नवी पाडली, कारण चेंबरचा आकार बदलला म्हणजे तेलाची पातळीही बदलली.

मग चालवायची वेळ आली. माझ्याकडं परवाना होता, पण चालवलेली होती फक्त नवऱ्याची छोटी कार. जीपचं स्टिअरिंग म्हणजे रहाट ओढावा तसं. मी बसले, डावीकडचं दार उघडलं आणि आबांची वाट बघितली. ते आले आणि मागून चढून बाकावर बसले, वडापच्या पाशिंजरासारखे.

"पुढं बसा की."

"नको."

"आबा, नाटकं करू नका. पुढं या."

"पुढं बसलो की पाय ब्रेक हुडकतोय," आबा म्हणाले. "तू हाण."

मी गाडी सुरू केली.

आता रविवारी आम्ही निघतो. आईचा हात जुळला, पण थंडीत ठणकतो. ती पुढं बसते. आबा मागं, बाकाचा कठडा धरून. समोरच्या नळीतून दिसेल तेवढं बघतात आणि बाकीचं कानानं भरून काढतात. गिअर उशिरा बदलला की मागून ओरडतात. मी उलट ओरडते. डोळ्यांत थेंब घालायचं अजूनही चुकवतात आणि विचारलं की घातलं म्हणतात. मग मी बाटली उजेडात धरून बघते आणि पुन्हा भांडण.

मध्यंतरी एका चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी महागडी गाडी येऊन उभी राहिली. आतल्या माणसानं काच खाली केली, जीपकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मला ओलांडून मागं बसलेल्या आबांना हाक मारली.

"पावणं, विकायची काय जीप?"

"मालकिणीला इचारा," आबा म्हणाले. "ती काय पुढं बसलीया."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी "न्हाय" म्हटलं आणि सिग्नल सुटला.

मालकीण! हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला कुणी विचारलं होतं? कागद त्यांच्या नावावर, हट्ट त्यांचा, आणि आता तेलपाणी, टायर, तो कर्कश हॉर्न, सगळं माझ्या गळ्यात? पुन्हा माझ्या पाठीमागं दोघांनी काहीतरी ठरवलेलं दिसत होतं, कारण आई खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. घर येईपर्यंत मी त्यांना बोलत होते, आणि आबा मागून इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून मला उत्तरं देत होते.